नकाराच्या मेलला लगेच रिप्लाय नको

अगं, लेखकाचं पुस्तक प्रकाशकापर्यंत नेणाऱ्या एजंटचा नकार आला की आधी तो मेल नीट वाच. 'आमच्या लिस्टमध्ये बसत नाही, शुभेच्छा' एवढंच असेल तर तो सगळ्यांना जाणारा ठरीव मेल असतो, उत्तर दिलं नाहीस तरी कुणी उद्धट म्हणणार नाही, त्यांचा इनबॉक्स तसाही तुंबलेलाच असतो. पण तुझ्या पात्राचं नाव घेऊन, मधला भाग रेंगाळतो वगैरे लिहिलं असेल तर त्या माणसाने खरंच वाचलंय गं, तिथे थँक्यू जायलाच हवा. 'वेळ काढून वाचलंत, मधल्या भागाबद्दलचं पटलं, मनापासून आभार.' बास. खाली कथेचा नवीन सारांश (सिनॉप्सिस) चिकटवू नकोस, 'नक्की काय आवडलं नाही' विचारत बसू नकोस, आणि सुधारून परत पाठवायचं ते त्यांनी स्वतः म्हटलं असेल तरच.

रात्रीच्या कर्जत लोकलमध्ये दमून बसलेली असताना मोबाइलवरून तर काहीच पाठवायचं नाही, ड्राफ्टमध्ये ठेव, सकाळी बघ. नाव घेऊन फेसबुकवर राग काढणं अजिबात नको, या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात.

मराठीत एजंट जवळपास नसतातच, आपण थेट प्रकाशकाला नाहीतर दिवाळी अंकाच्या संपादकाला पाठवतो, म्हणून तिथे जास्त सांभाळायचं. ऑफिस दादर-गिरगावात आहे, जवळच आहे, म्हणून नकारानंतर जाऊन थडकायचं नाही, ओळखीच्या कुणाकडून फोनही करवायचा नाही. दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने तर संपादक कामात गळ्यापर्यंत बुडालेले असतात. कथा खुशाल दुसरीकडे पाठव, फक्त आधीच्यांचा नकार नक्की आलाय ना तेवढं बघ.