वाचकांचे प्रश्न : लांबलचक वैद्यकीय शब्द कुठे तोडायचे?

प्रश्न : ‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’ वाचताना दर वेळी अडखळायला होतं. शब्द नेमका कुठे तोडायचा? (नर्सिंगची विद्यार्थिनी)

उत्तर : आधी अर्थाचे तुकडे पाडा. ओटो म्हणजे कान, रायनो नाक, लॅरिंग स्वरयंत्र, लॉजी शास्त्र. बोलताना मात्र हे सांधे सरकतात. ‘लॅरिंग’मधला ग पुढच्या स्वराला चिकटतो आणि अक्षरं पडतात ती अशी : ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी. एकूण 9, आणि जोर ‘गॉ’वर. शेवटी लॉजी, स्कोपी, टॉमी, ग्राफी किंवा मेट्री असेल तर जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो आणि त्याच्या पुढचं अक्षर पुसट होतं. आपण मराठीच्या सवयीने ‘गॉ’ आणि ‘लॉ’ दोन्ही ठासून म्हणतो, तिथेच जीभ अडते.

सराव उलटा करा. आधी ‘गॉलजी’, मग ‘रिंगॉलजी’, ‘लॅरिंगॉलजी’, त्याला ‘रायनो’ जोडा, शेवटी ‘ओटो’. पुढून पाठ केलं तर सुरुवात तेवढी पक्की होते आणि जोराच्या जागी पोचेपर्यंत दम संपतो.

शेवटी ‘आयटिस’ (म्हणजे दाह) असेल तर नियम वेगळा. जोर ‘आय’वर, आणि त्याच्याआधीच्या ग चा ज होतो : लॅरिंजायटिस.

प्रश्न : न्यूमोनियातला पी गप्प, मग ॲप्नियातला (श्वास थांबणं) का ऐकू येतो?

उत्तर : जागेमुळे. ग्रीकमध्ये पी-एनसारख्या जोडीतली दोन्ही व्यंजनं उच्चारली जात. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला असली जोडी आली की पहिलं व्यंजन गळतं. मध्ये आली की तेच व्यंजन आधीच्या अक्षराला जाऊन मिळतं आणि टिकतं : ॲप-निया, ॲम-नेशिया, डायग-नोसिस. सगळ्यात जास्त चुकतो तो खोकल्यातून रक्त पडण्याचा शब्द. तो ‘हीमोटायसिस’ नव्हे, हि-मॉप-टि-सिस. अपवाद ब्राँकोन्यूमोनियाचा : तिथे न्यूमोनिया हा तयार शब्दच मागे जोडलाय, म्हणून पी मधोमध असूनही गप्प.

प्रश्न : सीएचचा उच्चार च की क?

उत्तर : ग्रीक शब्दांत क. कोलेसिस्टेक्टमी (पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया), ब्राँकायटिस. पीएच म्हणजे फ, त्यामुळे डिफ्थेरिया, ऑफ्थॅल्मॉलजी. ‘ऑप्थॅल’ही शब्दकोशांत सापडतं, त्यावरून वाद घालू नका. आणि पेशंटशी बोलताना सरळ ‘एंडोस्कोपी’च म्हणा. ‘एन्डॉस्कपी’ तोंडी परीक्षेसाठी ठेवा.