२० रुपयांच्या कोऱ्या नाण्यांची पिशवी: ठेवू, ग्रेडिंगला (तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून घ्यायला) देऊ की विकू?

घाई नको. २०२२ची अमृत महोत्सवी नाणी चलनातलीच आहेत, दर्शनी किंमत कुठे जात नाही.

आधी सालाखालची टांकसाळीची खूण पाहा: पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. प्रत्येकी दोन-चार ठेवा, उरलेली अदलाबदलीला.

ग्रेडिंग सध्या नकोच. फी नाण्याहून महाग पडते. शिवाय पिशवीत आपटून बारीक ओरखडे येतात. खिडकीच्या उजेडात नाणं तिरकं धरा, लगेच दिसतील.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- नाणं पुसणं. गेलेली चकाकी परत येत नाही.
- मऊ पीव्हीसीची पाकिटं. हिरवट चिकट थर चढतो.
- ‘जुन्या नाण्यांचे लाखो रुपये देऊ’ अशा जाहिरातींना भुलणं. ‘आधी फी भरा’ म्हणाले की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच सावध केलंय.