पापण्यांना पहिल्यांदाच एक्स्टेन्शन लावायचे आहेत. क्लासिक, हायब्रिड की व्हॉल्युम? घरी लावता येतील का?

तुम्ही लिहिलंय की पापण्यांचे केस बारीक आणि सरळ आहेत, थोडे खालीही झुकलेत, आणि रोज चष्मा लागतो. मी हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर देते. तुमच्यासाठी हलका व्हॉल्युम घ्या, लांबी माफक ठेवा आणि वळण थोडं जास्त घ्या. सलूनमध्ये वापरतात तो ग्लू आणून स्वतःच्या डोळ्यांवर स्वतः लावायला मात्र जाऊ नका.

क्लासिकमध्ये तुमच्या एका केसावर एकच कृत्रिम लॅश चिकटवतात. व्हॉल्युममध्ये एका केसावर अगदी बारीक लॅशचा छोटा, पंख्यासारखा पसरलेला गुच्छ म्हणजे फॅन बसतो. २डी, ३डी, ५डी हे आकडे त्या फॅनमध्ये किती लॅश आहेत ते सांगतात. हायब्रिड म्हणजे दोन्हींची सरमिसळ. आता बहुतेकांना वाटतं की क्लासिक हलकं आणि व्हॉल्युम जड. हे सरसकट खरं नाही. लांबी तीच ठेवली तर लॅशचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीच्या एका क्लासिक लॅशचं वजन ०.०५ मिलिमीटरच्या नऊ लॅशइतकं भरतं! तुमच्या बारीक केसावर ०.०५ चा तीन लॅशचा फॅन लावला, तर त्या एका क्लासिक लॅशच्या जेमतेम एक तृतीयांश भार पडतो आणि भरलेपणा मात्र जास्त दिसतो. याच हिशेबाने ०.१५ ऐवजी ०.२० घेतलं तर वजन जवळजवळ पावणेदोन पट होतं. म्हणून कुठेही गेलात तरी नाव विचारण्याआधी जाडी विचारा. ज्यांचे मूळ केस दणकट आहेत आणि विरळ नाहीत, त्यांना ०.१० किंवा ०.१२ चं क्लासिक छान दिसतं. मेगा व्हॉल्युम, म्हणजे खूप लॅशचे दाट फॅन, मी पहिल्या खेपेला कुणालाच सुचवत नाही.

डब्यावर मिंक, सिल्क असं काहीही छापलेलं असो, आत बहुतेक वेळा पीबीटी नावाचं प्लास्टिकच असतं. त्या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

वळणांची नावं इंग्रजी अक्षरांवरून पडली आहेत. जे आणि बी जवळजवळ सरळ, सी मध्यम, डी चांगलंच वळलेलं. एल वळणाची लॅश मुळाशी सपाट असते आणि मग एकदम वर उचलते. खाली झुकलेल्या सरळ केसांना हीच सोयीची, कारण सपाट भाग केसाला लांबवर धरून राहतो. जे किंवा बी लावलंत तर ते केसाबरोबर खालीच झुकेल आणि लॅशची टोकं चष्म्याच्या काचेला घासत राहतील. लांबी तुमच्या केसापेक्षा दोन मिलिमीटर जास्त, फार तर तीन. चष्मा सोबत न्या आणि काम संपल्यावर तिथेच घालून बघा.

लांबीचा एक मुद्दा दिसण्यापलीकडचा आहे. २०१५ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असते आणि तेवढ्या लांबीला डोळ्यावरून जाणारी हवा सगळ्यात चांगली अडते, असं त्यांना दिसलं. त्याहून लांब केस उलट हवा डोळ्याकडे वळवतात. ज्यांचे डोळे मुळातच कोरडे पडतात त्यांना मी लांबी वाढवू देत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता लावण्याबद्दल. तुम्ही डोळे मिटून आडवं पडायचं, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधीच काढायच्या. खालच्या पापणीचे केस जेल पॅडखाली झाकले जातात. एका चिमट्याने आजूबाजूचे केस बाजूला सारून एकच केस सुटा करायचा, दुसऱ्या चिमट्याने लॅश ग्लूच्या थेंबात बुडवून त्या केसावर ठेवायची. कातडीपासून अर्धा ते एक मिलिमीटर अंतर सोडायचं, ग्लू कातडीला लागता कामा नये. सगळं कसब या केस सुटा करण्यात आहे. पापणीचे केस थरांत उगवतात आणि मोठ्या केसाच्या आड नुकताच फुटलेला, टोकदार, इवलासा केस लपलेला असतो. तो शेजाऱ्याला चिकटला की पंचाईत होते. दोघांची वाढ वेगवेगळ्या टप्प्यावर असते, एक वाढत राहतो आणि दुसऱ्याला मुळासकट ओढतो. हे पुन्हा पुन्हा झालं तर तिथे कायमची विरळता येऊ शकते. काम झाल्यावर आरसा मागा आणि छोटा ब्रश मुळापासून टोकापर्यंत फिरवून बघा. तो अडकला, किंवा एक केस हलवल्यावर बाजूचा ओढला गेला, तर लगेच दाखवा आणि सोडवून घ्या. पूर्ण सेटला दोन तास सहज लागतात. अर्ध्या तासात आटोपणारे बहुतेक वेळा झुपकेच चिकटवत असतात.

म्हणूनच घरी नको म्हणते. दोन्ही डोळे मिटून स्वतःचे केस सुटे करताच येत नाहीत. शिवाय हा ग्लू सायनोॲक्रिलेटचा असतो, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो आणि सुकताना त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. घरी एका दिवसापुरतं हवं असेल तर पट्टीच्या लॅश लावा आणि रात्री काढून टाका.

पॅच टेस्ट, म्हणजे थोडा ग्लू लावून ॲलर्जी होते का ते बघणं, २४ ते ४८ तास आधी करून घ्या. लावताना आग झाली तर सहन करू नका, तोंडाने सांगा, बहुधा डोळा किंचित उघडा राहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून खाज सुटली तर ती ॲलर्जी असू शकते. मग लॅश रिमूव्हरने काढून घ्यायच्या, हाताने उपटायच्या नाहीत, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. ही ॲलर्जी बरीच वर्षं काही त्रास नसताना अचानकही सुरू होते. रांजणवाडी आली असेल, डोळे आले असतील किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर थांबा.

एक्स्टेन्शनला पाणी लावायचं नाही हा समज काढून टाका. न धुतलेल्या पापण्यांच्या कडेला तेल आणि मेलेली कातडी साचते, कडा सुजतात, लाल होतात. ग्लू बसल्यावर रोज बिनतेलाच्या फेसाने आणि मऊ ब्रशने धुवा. तेलकट मेकअप रिमूव्हर मात्र टाळा, त्याने ग्लू सुटतो. रोज काही केस आपोआप गळतात आणि त्यांच्याबरोबर लॅशही जातात, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी रिफिल लागतोच.

आणि तुमचे केस लांबीला बरे असतील, तक्रार फक्त झुकल्याची असेल, तर आधी लॅश लिफ्ट करून बघा. त्यात काही चिकटवून ठेवत नाहीत, औषध लावून तुमचेच केस वर वळवतात. परिणाम साधारण सहा ते आठ आठवडे टिकतो आणि रिफिलची कटकट नसते. त्यातलं औषधही तीव्र असतं, त्यामुळे पॅच टेस्ट त्यालाही लागते.