चीतपट झाला त्यालाच सुवर्ण?

प्रश्न : आमच्या घरच्या तीन पिढ्या तालमीत घुमल्या. परवा नातवानं मोबाइलवर टोकियो ऑलिंपिकची कराटेची फायनल दाखवली. सौदीच्या पोरानं इराणच्या गड्याच्या मानेवर लाथ घातली, गडी जागेवर झोपला, स्ट्रेचरवरून नेला. आणि सुवर्णपदक त्या झोपलेल्यालाच! मातीत पाठ लागली की कुस्ती संपली. इथं काय गौडबंगाल आहे?
— एक आजोबा, कागल

उत्तर : आजोबा, तुम्ही विचारलंत ते मला माझ्या कराटे क्लासच्या दारात दूधवाल्यानंही विचारलं होतं. त्याला मी दोन वाक्यांत गुंडाळलं. तुम्हाला नीट सांगतो.

ती कुस्ती, म्हणजे कराटेतली समोरासमोरची लढत, कुमिते, ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये झाली. गट ७५ किलोच्या वरचा. सौदीचा तारेग हमेदी विशीतला पोरगा, अंगात नुसती वीज. इराणचा सजाद गंजजादे तेव्हा एकोणतीसचा. हमेदी ४–१ नं पुढे होता. तसाच खेळत राहिला असता तर सौदी अरेबियाच्या इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण त्याच्या गळ्यात पडलं असतं. आणि मग ती लाथ. फिरवून, वरच्या उंचीवर, मवाशी गेरी. डोक्यावर लाथ म्हणजे आमच्याकडे इप्पोन, सरळ तीन गुण. पण ते तीन गुण लाथ तिथवर पोचवल्याचे आणि तिथं आवरल्याचे असतात. स्पर्श चालतो, दणका चालत नाही. गंजजादे बेशुद्ध पडला, ऑक्सिजनचा मास्क लावून त्याला बाहेर नेलं, पंचांनी हमेदीला बाद केलं. याला म्हणतात हान्सोकू. (मराठीत पंच म्हणजे निकाल देणाराही आणि ठोसाही. आमच्या खेळात दोघंही सारखेच लागतात.)

तुमच्या मातीतही गळा आवळून कुणी कुस्ती मारली तर वस्ताद हात वर करत नाही ना? तसंच हे. कुस्तीत बंदी असलेला डाव वेगळा असतो, इथं मात्र डाव तोच, फक्त जोर जास्त झाला. म्हणून बघणाऱ्याला पटत नाही. मला विचाराल तर निकाल बरोबर होता. मी त्या खुर्चीत असतो तर हात थरथरला असता, पण बादच दिला असता.

एका गोष्टीवर मात्र लोक गंजजादेवर अन्याय करतात. ‘झोपून सुवर्ण मिळवलं’ म्हणतात. हा माणूस २०१६ ला ऑस्ट्रियातल्या लिंत्झमध्ये ८४ किलोवरच्या गटात जगज्जेता झाला होता. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये त्याच गटाचं सुवर्ण त्याचं. तेच जकार्ता, जिथं इराणनं आपल्या कबड्डीच्या संघाला सेमीफायनलमध्ये धूळ चारली. आपण आठवडाभर कबड्डीसाठी हळहळलो, त्याच देशाचा हा दांडगा गडी कुणाच्या नजरेत आला नाही. त्याच वर्षी माद्रिदला जागतिक स्पर्धेच्या फायनलला पुन्हा पोचला, तिथं जर्मनीच्या जोनाथन हॉर्नकडून हरला. सबंध कारकीर्द अशी वर-खाली मातब्बरांशी झुंजण्यात गेलेली, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो स्ट्रेचर.

टोकियोतली आणखी एक गंमत सांगतो. जागतिक स्पर्धेत पुरुषांचे पाच वजनी गट असतात, ऑलिंपिकला तीनच ठेवले. त्यामुळे ८४ किलोच्या आतले आणि त्यावरचे एकाच पिंजऱ्यात सोडले. कांस्य मिळवलेले जपानचा रयुतारो आरागा आणि तुर्कस्तानचा उगुर अक्ताश हे दोघंही मुळात ८४ च्या आतले! म्हणजे वजनानं सगळं ठरतं असं समजू नका.

गंजजादेला शुद्ध आली तेव्हा समोर प्रशिक्षक आणि डॉक्टर डोळे पुसत होते. आपण जिंकलो हे त्याला तिथं कळलं. असं जिंकायला नको होतं, असं तोही म्हणाला. हमेदीला सौदी सरकारनं सुवर्णाला द्यायचे तेवढेच पन्नास लाख रियाल दिले. पोडियमवर दोघं एकमेकांना धरून उभे होते, ते नातवाला शोधून दाखवायला सांगा.

आता माझं. १९८९, राज्य स्पर्धेची सेमीफायनल. माझं वजन ९६ किलो, समोरचा माझ्याहून चपळ. मी पुढे होतो, वेळ संपत आली होती, हात आखडायला हवा होता. नाही आखडला. त्याचा वरचा ओठ फाटला, मी बाद. रक्ताचे दोन थेंब माझ्या बाहीवर उडाले. आईनं मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलं, डाग काही निघाला नाही. दुसरा ड्रेस शिवायला पैसे नव्हते, दोन वर्षं तोच घालून सराव केला. रोज बाही दुमडताना तो डाग बरोबर मनगटाशी यायचा.

प्रश्न : माझा मामा क्योकुशिनवाला आहे. तो तुमच्या कराटेला ‘शिवाशिवी’ म्हणतो. खरं आहे का?
— इयत्ता अकरावी, चिपळूण

उत्तर : मामाला नमस्कार सांग. शिवाशिवी हे नाव मला आवडलं, वापरणार आहे.

क्योकुशिन म्हणजे मासुतात्सु ओयामांनी काढलेलं कराटेचं घराणं. त्यात हातानं तोंडावर मारायला बंदी, बाकी अंगावर पूर्ण जोरानं मारायचं. लाथ डोक्यावरही चालते, तीही पूर्ण. १९९१ च्या त्यांच्या जागतिक स्पर्धेत स्वित्झर्लंडचा अँडी हग आणि ब्राझीलचा फ्रान्सिस्को फिल्यो समोरासमोर आले. थांबण्याचा इशारा आणि फिल्योची लाथ, दोन्ही जवळजवळ एकदमच. हगनं हात खाली घेतले होते. लाथ डोक्यावर बसली, हग कोसळला. तक्रार झाली. ओयामांनी निकाल फिल्योच्याच बाजूनं ठेवला. इशारा झाला तरी सावधपणा सोडायचा नाही, हे त्यांच्या शिकवणीतच आहे, जपानीत झान्शिन म्हणतात. तोच फिल्यो १९९९ ला ही स्पर्धा जिंकणारा पहिला बिगरजपानी ठरला. हग किकबॉक्सिंगकडे वळला, १९९६ ला के-वनचा विजेता झाला, आणि २००० मध्ये, अवघ्या पस्तिशीत, रक्ताच्या कर्करोगानं गेला.

म्हणजे बघ, एका ठिकाणी लाथेनं बेशुद्ध पाडणारा जिंकला, दुसऱ्या ठिकाणी हरला. मामाचं घराणं वेगळं, आमचं वेगळं. ख्यालवाल्यानं धृपदवाल्याशी भांडू नये.

प्रश्न : पॅरिसला कराटे का दिसलं नाही?
— पनवेल

उत्तर : नव्हतंच. टोकियोला यजमानांच्या आग्रहानं आलं, पॅरिस २०२४ ला वगळलं, लॉस एंजेलिस २०२८ च्या यादीतही नाही. टोकियोच्या कुमितेत एकही भारतीय पात्र ठरला नव्हता, तेव्हा आपल्याकडे फारशी रडारड झाली नाही. मी केली.

प्रश्न : सर, माझा मुलगा चौदा वर्षांचा, वजन ८६ किलो. शाळेत ‘ट्रक’ म्हणतात. त्याला कराटे शिकायचंय. नातेवाईक म्हणतात, आधी बारीक कर मग पाठव. काय करू?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, आधी पाठवा. बारीक होणं न होणं त्याचं तो आणि डॉक्टर बघतील. गुडघे मात्र एकदा तपासून घ्या, या वयात एवढं वजन घेऊन उड्या मारायला लावणारा शिक्षक असेल तर त्या क्लासला घालू नका. घाम काढायला प्लास्टिकचं जाकीट घालून पळवणाऱ्यालाही लांबून नमस्कार. त्याच्या वयोगटात मुलांचा सगळ्यात वरचा गट ७० किलोच्या पुढचा असतो, त्याला वरची मर्यादा नाही. उपाशी राहायचं कारणच नाही.

पहिलं वर्षभर लढत खेळू देऊ नका. भारी पोराला मारायला शिकवावं लागत नाही, त्याचा हात नुसता लागला तरी समोरचा कळवळतो. त्याला थांबवायला शिकवावं लागतं, आणि त्याला वेळ जातो. माझ्याकडे खिडकीच्या गजापासून समोरच्या खांबापर्यंत सुतळी बांधलेली आहे. तिच्यावर वर्तमानपत्राचं अर्धं पान लटकवायचं. मुलानं त्यावर लाथ फिरवायची. कागद सळसळला पाहिजे, फाटता कामा नये. लहान चणीची पोरं हे आठवड्याभरात करतात. तुमच्या मुलासारख्याला तीन-चार महिने लागतील, तोवर ढीगभर रद्दी फाटेल. माझ्याकडे एक ९० किलोचा मुलगा होता. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी त्याच्या लाथेनं पान नुसतं उचललं गेलं आणि परत सरळ झालं. वर्गात कुणीच काही बोललं नाही. त्यानं स्वतःच जाऊन पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, कुठं चीर गेलीय का बघितलं.

जवळचा चांगला क्लास मिळाला नाही तर शनिवारी साताऱ्याला घेऊन या. येताना घरातली रद्दी आणा, आमच्याकडची संपत आली आहे.