दूध बेसिनमध्ये ओतलं म्हणून

“मॅडम, तिला सांगायचं का? आणि सांगायचं तर केव्हा?”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की दाराशी चपला काढताना आईचा आवाज खाली आला की पुढचं वाक्य मला कळतं. कुणाच्या मुलाला ग्रोथ हार्मोन कमी पडतं, कुणाला जन्मापासून थायरॉइड, कुणाला प्रेडर-विली हा जनुकीय आजार, कुणाची मुलगी टर्नर सिंड्रोमची. आजार निरनिराळे, पण घरात एक गोष्ट सारखीच असते. मूल सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

म्हणून एका घराबद्दल लिहिते आहे. आईवडिलांची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ओवी कळव्याची, अकरा वर्षांची, सहावीत. वडील वागळे इस्टेटमध्ये शिफ्टमध्ये काम करतात, आई घरी ब्लाउज शिवते. ओवीची उंची १२६ सेंटिमीटर, वर्गातल्या बहुतेक मुली १४० च्या पुढे गेलेल्या. पण ती माझ्याकडे आली उंचीसाठी नव्हे, दुधासाठी. गेले चार महिने ती सकाळी ग्लासामागून ग्लास दूध पीत होती आणि शाळेला निघायच्या आधी उलटी करत होती. पोटाचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पोट ठणठणीत. शेवटी कुणीतरी माझं नाव सुचवलं.

मुलाला एकट्याला बघून मला फारसं काही कळत नाही, असा माझा अनुभव आहे. दुखणं मुलात दिसतं, गाठ घरात कुठेतरी बसलेली असते. म्हणून पहिल्या दोन भेटींना मी आईवडिलांनाच बोलावलं.

ओवी आठ वर्षांची असताना त्यांच्या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की वर्षभरात तिची उंची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर वाढली आहे. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं. त्यांनी रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी करायला सांगितली. टर्नर सिंड्रोम निघाला. मुलीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. इथे त्यातलं एक पूर्ण किंवा काही अंशी नसतं. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. १९३८ मध्ये हेन्री टर्नर या अमेरिकन डॉक्टरांनी या मुलींचं वर्णन केलं, पण कारण गुणसूत्रात आहे हे १९५९ मध्ये कळलं.

तेव्हापासून रोज रात्री नऊ वाजता ओवीला ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन. तिला सांगितलं होतं, “व्हिटॅमिनचं आहे.” इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, स्टीलच्या डब्यात. पाहुणे आले की डबा आणखी मागे. चिपळूणजवळच्या गावी गणपतीला जाणं तीन वर्षांपासून बंद, कारण तिथे नऊ वाजता चार लोकांसमोर काय करायचं?

“तिला काहीच माहीत नाहीये, मॅडम,” आई म्हणाली. “अजून लहान आहे.”

तिसऱ्या भेटीत ओवी एकटी माझ्यासमोर बसली. मी तिला घर काढायला सांगितलं. तिने माणसं बोटभर काढली आणि फ्रिज पानभर. दार उघडं. आत बरणी, बरणीमागे एक चौकोन.

“यात काय आहे गं?”

“माझं इंजेक्शन. व्हिटॅमिनचं.” व्हिटॅमिन म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“ते कशासाठी असतं?”

बराच वेळ ती चौकोन पेन्सिलने गडद करत राहिली. कागद फाटेल असं मला वाटलं.

“मी पहिलीत दूध बेसिनमध्ये ओतायचे. आजीने एकदा बघितलं. म्हणाली, दूध टाकतेस, अशीच राहशील एवढीशी. मग इंजेक्शन सुरू झालं.” मग घाईने, “आता मी पिते, ताई. जास्त प्यायलं तर बंद होईल ना?”

इतक्या वर्षांच्या कामात असे थोडेच क्षण येतात जेव्हा मला पुढचा प्रश्न सुचत नाही. तो त्यातला एक. तीन वर्षं, रोज रात्री, ही मुलगी शिक्षा म्हणून सुई टोचून घेत होती आणि कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. आपण मुलापासून आजार लपवतो तेव्हा खरं तर फक्त त्याचं कारण लपलेलं राहतं. सुई दिसते, डबा दिसतो, आईचे डोळे दिसतात. कारणाची जागा रिकामी राहते आणि त्या जागी मूल स्वतःला नेऊन बसवतं. आजवर ज्या घरांत मी हे पाहिलं, तिथे मुलांनी हेच केलं होतं. कुणी अभ्यास केला नव्हता, कुणी लहान भावाला ढकललं होतं.

हे ऐकून मी आईकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. पुढच्या भेटीत दोघांना विचारलं, “तुम्हाला मनातून काय वाटतं, हे कशामुळे झालं?”

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. आई हळूच म्हणाली, “ओवीच्या वेळी ग्रहण होतं. सासूबाई नको म्हणत होत्या, तरी मी विळीवर गवार चिरली.”

“कितवा महिना होता?”

तिने बोटांवर मोजलं. “पाचवा.”

“टर्नरमध्ये काय होतं ते गर्भ राहतानाच, नाहीतर पहिल्या काही दिवसांत होऊन जातं. तुम्हाला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. ग्रहण आलं तेव्हा चार महिने होऊन गेले होते.”

तिने परत मोजलं. अंगठा एकेका पेरावर ठेवत, अगदी हळू. मग तो हात तिने मांडीवर उलटा ठेवला आणि रडू लागली. वडिलांनी विचारलं, “म्हणजे माझ्याकडून पण असू शकतं?” हो, बरेचदा जे एक्स नसतं ते वडिलांकडून येणारं असतं. पण त्यात त्यांनी केलेलं काही नसतं. आईच्या वयाचा, खाण्यापिण्याचा, लोकलच्या धक्क्यांचा याच्याशी संबंध नाही आणि सहसा हे पिढीतून पुढेही येत नाही. या चार वाक्यांसाठी त्या घराने तीन वर्षं वाट पाहिली होती. आपली चूक समजणारी आई मुलीला सांगूच शकत नाही. तिला ते कबुलीजबाबासारखं वाटतं. म्हणून मी आधी आईवडिलांचं ओझं उतरवते, मुलाला सांगण्याचं नंतर बघते. हा क्रम मी कधी बदलत नाही.

सांगायचे शब्द मी दिले नाहीत. आईने स्वतःचे आणले. “ओवी, ब्लाउज शिवताना मी कागद ठेवून कापते ना? माणूस शिवायला असे ४६ कागद लागतात. तुला ४५ मिळाले. त्यामुळे उंचीचं माप थोडं कमी बसतं. इंजेक्शन त्या मापाला मदत करतं. याला टर्नर म्हणतात.”

हे मला अतिशय आवडलं, कारण ते शास्त्रालाही धरून होतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, ओवीला त्यातलं एक एक्स कमी. उंचीशी निगडित एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि या मुलींमध्ये त्याची एकच प्रत कामाला उरते. त्यांच्यात ग्रोथ हार्मोन सहसा कमी नसतं, तरी बाहेरून दिल्याने शेवटच्या उंचीत काही सेंटिमीटरची भर पडते.

ओवीने एकच विचारलं. “म्हणजे दुधामुळे नाही?”

आईला बोलवेना. तोवर गप्प बसणारे वडील पुढे सरकले. “नाही गं बाळा. तू दूध ओतायचीस ते मला माहीत होतं. नंतर बेसिनला पांढरं राहायचं ते मीच धुवायचो.”

ओवी आधी चकित झाली, मग हसली. पुढच्या आठवड्यापासून सकाळच्या उलट्या कमी झाल्या, महिन्याभरात थांबल्या.

आता ज्यांच्या मनात तोच प्रश्न आहे त्यांच्यासाठी. केव्हा सांगायचं? निदान झालं त्या आठवड्यापासून, वयाला झेपेल तेवढं. पाच वर्षांच्या मुलीला “हे उंचीसाठी आहे” एवढं पुरतं, पण ते खरं असावं. आठ-दहाव्या वर्षी आजाराचं नाव. टर्नरमध्ये बहुतेक मुलींची अंडाशयं काम करत नाहीत, म्हणून अकरा-बाराच्या सुमारास डॉक्टर इस्ट्रोजेन थोडं थोडं सुरू करतात. त्याआधी तिला ते कळलेलं असावं. मूल होण्याबद्दलचं तिला मोबाइलवर वाचून कळू नये. ते आधी आईच्या तोंडून, दत्तक आणि दात्याच्या बीजाच्या वाटांसकट कळावं. लग्न जमवताना सांगायचं का, हे मला अकरा वर्षांच्या मुलीच्या आया विचारतात. माझं उत्तर एकच, ते सांगणारी ती असेल, आणि तिला ते न लाजता सांगता येणं तुमच्या आजच्या आवाजावर अवलंबून आहे.

हृदय, मूत्रपिंड, कान, थायरॉइड यांच्या तपासण्या चुकवू नका. या मुलींची बुद्धी सहसा चांगली असते, पण भूमितीच्या आकृत्या, नकाशे अनेकींना जड जातात. त्याला मठ्ठपणा म्हणू नका. उंचीवरून वय ठरवू नका, ओवीला नातेवाईक अजून कडेवर घ्यायला बघतात. आणि ज्यांचं निदानच झालेलं नाही त्यांनी “आमच्याकडे उशिराच वाढतात” म्हणत थांबू नये, वाढीचा तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावं. हाडांची टोकं जुळली की इंजेक्शनचा उपयोग राहत नाही. पावडरी आणि लटकण्याच्या व्यायामात वर्षं गेलेली मुलं पाहून मला फार वाईट वाटतं. खर्च मोठा आहे हे खरं. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात टर्नरसाठीच्या ग्रोथ हार्मोनचा समावेश आहे आणि मुंबईत परळचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

यंदा गणपतीला ते गावी गेले, पेन बर्फाच्या पिशवीत घालून. चुलतबहिणीने विचारल्यावर ओवीने तिला ४५ कागदांचं सांगितलं. चौकात आरती चालू असताना आजीनेच आवाज दिला, “नऊ वाजले, ओवी, आधी इंजेक्शन घे.”

दिवाळीनंतर ते परत येतील. बाळाबद्दलचा प्रश्न आता कधीही येईल असं आईला वाटतंय. काय सांगू, असं तिने मला या वेळी विचारलं नाही. ब्लाउजची मापं लिहायच्या वहीत, मागच्या पानावर, तिने ते लिहून ठेवलं आहे.