केबिनवाल्या छोट्या फायबर बोटीत पाऊस पडला की गादी भिजते, गळती कशी शोधू?

आधी तळात साचलेल्या पाण्याची चव घ्या (डिझेलचा तवंग नसेल तर!). खारं असेल तर संशय पाण्याखालचे व्हॉल्व्ह आणि प्रोपेलरच्या शाफ्टवर. गोडं असेल तर पाण्याची टाकी किंवा पाऊस. तुमचं वर्णन पाहता खिडक्या आणि डेकवरचे बोल्टच असणार.

टपकतं तिथेच भोक असेल असं समजू नका. आतल्या अस्तराआडून पाणी बरंच लांब वाहत जातं. अस्तर काढता येईल तेवढं काढा, आतून कोरडं पुसून टाल्कम पावडर भुरभुरा. मग एकाला आत बसवून बाहेरून पाइपने हळू पाणी सोडा. सुरुवात खालून, एका वेळी एकच जागा, प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं. पावडरीवर ओघळ लगेच दिसतो.

सापडल्यावर वरून सिलिकॉन फासणं म्हणजे पैसे वाया. फिटिंग पूर्ण काढा, जुना मसाला खरवडा. डेकच्या आत लाकूड किंवा फोम असेल तर भोक मोठं करून इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) भरा, सुकल्यावर भोक पुन्हा पाडा. नाहीतर आतलं लाकूड कुजतं. क्लीट (दोर बांधायचा खुंटा), रेलिंगखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) उत्तम. बोल्ट फिरवू नका, आतून नट आवळा. अॅक्रिलिकच्या खिडकीला पॉलिसल्फाइड सीलंट लावू नका, तडे जातात.