लॉगिन स्क्रीनवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा, अंधांसाठीचा विंडोजवरचा मोफत प्रोग्राम) वेगळ्याच आवाजात का बोलतं? माझी सेटिंग तिथे नेता येईल का?

येईल. साइन-इनच्या स्क्रीनवर एनव्हीडीए तुमच्या नाही, सिस्टिमच्या खात्यातून चालतं, म्हणून तुमचा आवाज, वेग तिथे पोचत नाही. आधी इन्सर्ट-कंट्रोल-सी दाबून सेटिंग सेव्ह करा. मग सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे 'युज करंटली सेव्ह्ड सेटिंग्ज ड्युरिंग साइन-इन' असं सुरू होणारं लांबलचक नावाचं बटण आहे. ते दाबा. अॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि खरं रामायण तिथूनच सुरू होतं.

माझं ऑफिस शिवाजीनगरला. मशीन पाच मिनिटांत लॉक होतं. चहा घेऊन आलं की लॉक, फोन जरा लांबला की लॉक. प्रत्येक वेळी तोच रेंगाळणारा आवाज. मी रोज वेग ८५ वर ठेवून, वर रेट बूस्ट म्हणजे वेग आणखी वाढवणारी सोय लावून ऐकणारी बाई. सकाळी मशीन सुरू केलं की लॉगिनच्या आधी कंपनीची इंग्रजी सूचना येते, पुणेरी पाटीच्या तोडीची: ही यंत्रणा आमची आहे, गैरवापर कराल तर याद राखा. एकदा पासवर्ड चुकत होता. कॅप्स लॉक दाबून पाहिलं, तर आवाज 'कॅप्स... लॉक...' म्हणेपर्यंत माझं बोट पुढच्या कीवर, आणि की दाबली की बोलणं तुटतं. ऑन की ऑफ, तो कामाचा शब्द नेमका शेवटी! पासवर्ड तर नुसता 'स्टार स्टार' ऐकू येतो. खातं लॉक झालं, अर्धा दिवस गेला.

आयटीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, दहा सेकंदांचा तर प्रश्न आहे. पुढे तुमचाच आवाज आहे ना?" मी म्हटलं, तुझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस दर लॉगिनला दहा सेकंद शून्य करू का? हसला. पण आला, स्वतःच्या अॅडमिन खात्यातून लॉगिन केलं, बटण दाबलं, "झालं" म्हणाला. काहीही बदललं नव्हतं. दोनदा आला, दोनदा "झालं". मग माझ्या लक्षात आलं: बटण ज्याच्या खात्यातून दाबाल त्याची सेटिंग उचलतं. त्याच्या खात्यात एनव्हीडीए कोरंच होतं, तेच तो लॉगिनवर चढवत होता. तिसऱ्यांदा मी माझ्याच खात्यात बसून बटण दाबलं आणि त्याला सांगितलं, तू फक्त पासवर्ड टाक. गंमत म्हणजे तो पासवर्ड विचारणारी खिडकीही साइन-इनसारखी सुरक्षित स्क्रीनच, त्यामुळे शेवटचं एकदा तोच रेंगाळणारा आवाज ऐकावा लागला.

एनव्हीडीए २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध माणसाने सुरू केलं. म्हणून तर हे बटण आहे. डोळस माणसाला लॉगिन म्हणजे उंबरठा वाटतो, ओलांडला की संपला. आम्हाला तिथेच किल्ली चाचपत उभं राहावं लागतं. आमच्या घरच्या मोठ्यांचंही तेच, "फुकट मिळतंय ना, मग तक्रार कसली?" फुकट मिळालं म्हणून हळू ऐकायचं का?

हां, हे राहिलंच. पोर्टेबल कॉपीवर हे चालत नाही, इन्स्टॉल केलेलं लागतं. अॅड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, तेही सोबत कॉपी होतात आणि तिथे त्यांना सिस्टिमचे अधिकार मिळतात, एनव्हीडीए तसा इशाराही देतं. माहितीतले नसतील ते आधी काढा. पण तुमचा आवाजच अॅड-ऑनमधून येत असेल, तर तो काढून चालणार नाही. नंतर वेग बदललात तर बटण पुन्हा दाबावं लागेल, आपोआप काही होत नाही. विंडोजमधला नॅरेटर वापरत असाल तर यातलं काहीच लागू नाही.

मागच्या महिन्यात माझा लॅपटॉप बदलला. त्या मुलाला फोन केला तर मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मॅडम, मी फक्त पासवर्ड टाकायला येतो."